दोन कुळांचे ऋण आणि एका संघाची जर्सी

एखाद्या खेळाडूचा जन्म एका देशात झालेला असतो, त्याचे आईवडील दुसऱ्या देशातून आलेले असतात आणि दोन्ही देशांचे कायदे त्याला आपला नागरिक मानतात, तेव्हा त्याला द्विराष्ट्रीय खेळाडू म्हटले जाते. क्लब बदलण्याची मुभा त्याला कारकिर्दीत अनेकदा मिळते. राष्ट्रीय संघाच्या बाबतीत मात्र जागतिक फुटबॉलची नियामक संस्था असलेल्या फिफाचे नियम कडक आहेत. एका देशाकडून अधिकृत स्पर्धेत उतरलेला खेळाडू सामान्यतः त्या देशाशी बांधला जातो. २०२० मध्ये हे नियम काहीसे सैल करण्यात आले, तरी संघबदल एकदाच करता येतो, आणि तोही खेळाडू वयाची एकवीस वर्षे पूर्ण झाल्यावर त्या संघाकडून उतरलेला नसेल, एकूण तीनपेक्षा अधिक वरिष्ठ सामने खेळलेला नसेल, विश्वचषकाच्या किंवा खंडीय स्पर्धेच्या मुख्य फेरीत उतरलेला नसेल आणि शेवटच्या सामन्याला तीन वर्षे लोटली असतील, तरच. २०२२ च्या विश्वचषकात उपांत्य फेरी गाठणाऱ्या मोरोक्कोच्या सव्वीस खेळाडूंपैकी चौदा जण मोरोक्कोबाहेर जन्मलेले होते, यावरून या प्रश्नाचा आवाका लक्षात यावा.

या प्रश्नाची कायदेशीर बाजू नियमपुस्तिकेत मिटते. नैतिक बाजू तिथे मिटत नाही. दोन्ही देशांचा त्या खेळाडूवर काही हक्क आहे आणि दोन्ही देशांकडून त्याला काही ना काही मिळालेले आहे, असे असताना त्याने एकाची निवड कोणत्या आधारावर करावी, आणि निवड केल्यानंतर दुसऱ्याशी त्याचे नाते काय उरते, हा प्रश्न मुळात कर्तव्यांच्या संघर्षाचा आहे. त्याचा विचार सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांच्या संदर्भात करण्याला कारण आहे. कर्तव्यांच्या संघर्षाची सर्वांत काटेकोर चिकित्सा करणाऱ्या मीमांसाशास्त्राचा, म्हणजे वेदवाक्यांचा अर्थ लावून कोणते कर्म कोणी, केव्हा आणि कसे करावे हे ठरविणाऱ्या शास्त्राचा, सात खंडांचा ‘मीमांसाकोश’ सातारा जिल्ह्यातील वाई येथे केवलानंद सरस्वती यांनी सिद्ध केला. आणि पुत्र कोणाचा, वारस कोण, एका घरात जन्मून दुसऱ्या घरात गेलेल्या माणसाचा अधिकार कोणता, या दत्तकासंबंधीच्या प्रश्नांनी या भागाच्या राजकीय इतिहासाला निर्णायक वळण दिले.

भारतीय फुटबॉलपुरता हा पेच अधिक तीव्र आहे, कारण भारतीय राज्यघटना आणि १९५५ चा नागरिकत्व कायदा दुहेरी नागरिकत्व मान्य करीत नाहीत. परदेशस्थ भारतीय वंशाच्या व्यक्तींना दिले जाणारे ‘ओसीआय’ कार्ड हे दीर्घ निवासाची सोय देते, नागरिकत्व देत नाही. आणि २००८ पासूनच्या सरकारी धोरणानुसार भारतीय पासपोर्ट असलेल्यालाच भारताच्या संघात स्थान मिळते. त्यामुळे जपानी आई आणि भारतीय वडील असलेला, जपानमध्ये जन्मलेला आणि पुणे एफसीकडून खेळणारा अराता इझुमी याला २०१२ मध्ये जपानचे नागरिकत्व सोडावे लागले, तेव्हा पुढच्या वर्षी तो भारताकडून खेळू शकला. ऑस्ट्रेलियात जन्मलेल्या आणि आईकडून मुंबईशी नाते असलेल्या रायन विल्यम्सने २०२५ मध्ये हाच मार्ग धरला. युरोपातील खेळाडू दोन पासपोर्ट ठेवून एक जर्सी निवडतो; भारताची जर्सी निवडणाऱ्याला दुसरा पासपोर्टच परत करावा लागतो.

या प्रश्नाला सामान्यतः दोन उत्तरे दिली जातात. पहिले उत्तर रक्ताचे आहे: माणूस ज्या वंशात जन्मला, तो वंश त्याचे प्रतिनिधित्व आधीच ठरवून ठेवतो, निवड हा केवळ त्या सत्याचा स्वीकार होय. दुसरे उत्तर हिताचे आहे: खेळाडूची कारकीर्द दहापंधरा वर्षांची असते, तेव्हा जिथे संधी मिळेल तिथे त्याने खेळावे, त्यात नीतीचा प्रश्न आणण्याचे कारण नाही. दोन्ही उत्तरांत तथ्य आहे, पण एकेकटे घेतले तर दोन्ही अपुरी पडतात.

रक्ताच्या उत्तराची मर्यादा सांगलीत जन्मलेल्या विजय हजारे यांच्या चरित्रात स्पष्ट दिसते. हजारे यांचा जन्म १९१५ मध्ये सांगली संस्थानात, मराठी ख्रिस्ती कुटुंबात झाला. त्या काळी मुंबईत खेळल्या जाणाऱ्या पंचरंगी क्रिकेट स्पर्धेत संघ धर्मानुसार ठरत: युरोपियन, पारशी, हिंदू, मुस्लिम आणि यांपैकी कोणत्याही गटात न बसणाऱ्या सर्वांचा मिळून ‘द रेस्ट’, म्हणजे उरलेल्यांचा संघ. हजारे यांचे नाव जन्मानेच या शेवटच्या संघात पडत होते. १९४३ च्या अंतिम सामन्यात हिंदू संघाविरुद्ध फॉलोऑन मिळाल्यावर ‘द रेस्ट’ने दुसऱ्या डावात ३८७ धावा केल्या, त्यांत एकट्या हजारे यांच्या ३०९ होत्या, सहाव्या गड्यासाठी झालेल्या ३०० धावांच्या भागीदारीत त्यांचे बंधू विवेक यांनी २१ धावा करून एक बाजू लावून धरली होती. ही खेळी क्रिकेटच्या इतिहासात अजोड मानली जाते, परंतु ती ज्या संघाच्या नावावर आहे त्या संघाशी हजारे यांचे नाते कोणी विचारून ठरविलेले नव्हते. रणजी स्पर्धेत महाराष्ट्र, मध्य भारत आणि बडोदा या संघांशी त्यांचे जे नाते जुळले, ते मात्र वास्तव्यातून, चाकरीतून आणि संमतीतून जुळले. आणि १९५२ मध्ये मद्रासला भारताने पहिला कसोटी विजय मिळविला तेव्हा संघाचे कर्णधार हेच ‘उरलेल्यांतले’ हजारे होते. जन्माने लावलेला शिक्का माणसाला एका रांगेत उभा करू शकतो, पण त्या रांगेशी त्याची बांधिलकी निर्माण करू शकत नाही, असा याचा अर्थ होतो.

हिताच्या उत्तराला मात्र वाजवीपेक्षा अधिक बोल लावला जातो. एका देशाच्या संघात वर्णी लागत नाही म्हणून दुसऱ्या देशाकडे वळणाऱ्या खेळाडूला संधिसाधू म्हणण्याची पद्धत आहे. डिएगो कोस्टा २०१३ मध्ये ब्राझीलकडून दोन मैत्रीपूर्ण सामने खेळला आणि पुढच्याच वर्षी ब्राझीलमध्ये भरलेल्या विश्वचषकात स्पेनकडून उतरला, तेव्हा त्याच्या जन्मदेशातील प्रेक्षकांनी त्याची हुर्यो उडविली. परंतु हिताचा विचार आणि निष्ठेचा अभाव या एकच गोष्टी नाहीत. सांगली जिल्ह्याच्या जत तालुक्यातील सीमेलगतच्या काही गावांनी पाण्याच्या प्रश्नावरून कर्नाटकात जाण्याची भाषा पूर्वी केली होती, आणि २०२२ मध्ये कर्नाटकाच्या मुख्यमंत्र्यांनी तिचा आधार घेतल्यावर मोठे वादळ उठले. त्या गावांत कानडी आणि मराठी दोन्ही भाषा घराघरांत नांदतात. त्यांना महाराष्ट्र नकोसा झाला होता असे नव्हे, त्यांना म्हैसाळ योजनेचे पाणी हवे होते. पाणी मागणे हा द्रोह होत नाही. तसेच खेळाडूने खेळायला मैदान मागणे हाही द्रोह होत नाही. त्याच जिल्ह्यातील खानापूर आणि आटपाडी या दुष्काळी तालुक्यांतील गलाई व्यावसायिक, म्हणजे सोनेचांदी गाळून शुद्ध करणारे कारागीर, पोटासाठी भारतभरच्या शहरांत विखुरले, तिथे त्यांची मुले परक्या भाषांत शिकली, आणि तरीही गावच्या यात्रेशी त्यांचे नाते तुटले नाही. हितासाठी स्थान बदलणाऱ्याची निष्ठा आपोआप संपत नाही, हे या भागाला अनुभवाने ठाऊक आहे.

लोकमान्य टिळकांनी ‘गीतारहस्या’त कर्मजिज्ञासेची चर्चा करताना शेक्सपिअरच्या नाटकांतील हॅम्लेट आणि कोरिओलेनस यांचे दाखले दिले आहेत. त्यांतील कोरिओलेनस हा रोमने हद्दपार केलेला सेनानी. तो शत्रूच्या सैन्यात जाऊन आपल्याच नगरावर चालून येतो आणि आईच्या विनवणीपुढे हतबल होतो. द्विराष्ट्रीय खेळाडूच्या पेचाला याहून जवळचा दाखला महाभारतात आहे. उद्योगपर्वात कृष्ण कर्णाला सांगतो की, शास्त्राप्रमाणे कन्यावस्थेत झालेला पुत्र हा त्या स्त्रीच्या पुढे होणाऱ्या पतीचाच मानला जातो, म्हणून कर्ण हा पंडूचा ज्येष्ठ पुत्र आणि राज्याचा अधिकारी आहे. कर्ण हा कायदा खोडून काढत नाही. त्याचे उत्तर असे आहे की, अधिरथाने त्याचे जातकर्मादी संस्कार केले, राधेने त्याला दूध पाजले, सूतकुळातच त्याचा संसार उभा राहिला, आणि म्हणून जन्माचा आधार खरा असूनही त्याला तो पुरेसा वाटत नाही. याउलट धृतराष्ट्राचा पुत्र युयुत्सू, युद्धाला तोंड लागण्यापूर्वी युधिष्ठिराने जाहीर आवाहन केल्यावर, सर्वांसमक्ष कौरवसेना सोडून पांडवांकडे जातो.

महाभारताने यांपैकी कोणालाही केवळ बाजू निवडल्याबद्दल दोषी ठरविलेले नाही, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. एक जण जन्माची बाजू नाकारतो, दुसरा जन्माची बाजू सोडतो. दोघांची निवड उघड आहे, आणि दोघेही नाकारलेल्या बाजूचे देणे बुडवीत नाहीत. कर्ण कुंतीला वचन देतो की अर्जुनाखेरीज तिच्या कोणाही पुत्राला तो मारणार नाही आणि तिचे पाच पुत्र कायम राहतील. युयुत्सू तर युद्धानंतर पित्याच्या घरी पुत्र म्हणूनच वावरतो, आणि धृतराष्ट्राच्या मृत्यूची वार्ता येते तेव्हा जलांजली देताना पांडव त्यालाच पुढे ठेवतात. रणांगणावरची बाजू आणि पुत्राचे कर्तव्य या दोन वेगळ्या पातळीवरच्या गोष्टी आहेत, ही जाण त्या प्रसंगात व्यक्त झाली आहे.

निवड कशी करावी याविषयी मीमांसकांची विकल्पचर्चा विशेष उपयुक्त आहे. विकल्प म्हणजे सारख्याच प्रमाण असलेल्या दोन विधींपैकी कोणताही एक पाळण्याची मोकळीक. याचे ठरलेले उदाहरण असे: यज्ञातील पुरोडाश, म्हणजे आहुतीसाठीची पिठाची भाजलेली वडी, साळीच्या तांदळाची करावी असे एक वाक्य सांगते आणि जवाची करावी असे दुसरे सांगते. दोन्ही वाक्ये वेदाची असल्यामुळे एक खरे आणि दुसरे खोटे असे म्हणता येत नाही. मीमांसक विकल्प मान्य करतात, पण नाइलाजाने, कारण त्यात आठ दोष येतात: तांदूळ घेतला की जवाच्या वाक्याचे मानलेले प्रामाण्य सोडावे लागते आणि त्याचे अप्रामाण्य कल्पावे लागते, पुढे कधी जव घेतला तर सोडलेले प्रामाण्य पुन्हा स्वीकारावे लागते आणि कल्पिलेले अप्रामाण्य टाकावे लागते, हे चार दोष दोन्ही बाजूंनी मोजले की आठ होतात. निवडीची अशी किंमत मोजावी लागत असल्याने एक दंडक पाळला जातो. तांदूळ निवडून यज्ञ आरंभिल्यावर मध्येच तांदूळ नासला, तर जवाकडे वळायचे नसते, तर तांदळासारखेच नीवार नावाचे रानधान्य वापरून तोच प्रयोग तडीस न्यायचा असतो. त्याचप्रमाणे फळाच्या इच्छेने केलेले काम्य कर्म सुरू करण्याची सक्ती कोणावर नसली, तरी आरंभिलेले काम्य कर्म पूर्ण करणे मीमांसकांच्या मते आवश्यक ठरते.

या दंडकांतून खेळाडूच्या प्रश्नावर बराच प्रकाश पडतो. पहिली गोष्ट अशी की, न निवडलेला देश खोटा किंवा परका ठरत नाही. तो तितकाच प्रमाण राहतो, केवळ या एका कर्मापुरता बाजूला ठेवला जातो. दुसरी अशी की, फळाची इच्छा हा निवडीचा दोष होत नाही, परंतु आरंभानंतर फळ हाती लागत नाही म्हणून कर्म अर्धवट टाकणे हा दोष होतो. उदाहरणार्थ, विश्वचषकात खेळायला मिळावे या इच्छेने घानाची निवड करणाऱ्याला नावे ठेवण्याचे कारण नाही; घाना पात्रता फेरीत हरू लागल्यावर त्याने पाठ फिरविली, तर मात्र आक्षेपाला जागा आहे. एकदाच बदल करू देणारा आणि सामन्यांची मर्यादा घालणारा फिफाचा नियम मीमांसेतून आलेला नाही हे उघड आहे, पण आरंभ झालेले कर्म आणि न झालेले कर्म यांत भेद करण्याची गरज दोन्हीकडे सारखीच जाणवलेली दिसते.

तरीही विकल्पाच्या चर्चेत एक उणीव राहते: तांदळाला किंवा जवाला यज्ञकर्ता काही देणे लागत नाही, देशाला मात्र खेळाडू लागतो. ही उणीव दत्तकविचाराने भरून निघते. दत्तकविधानात जन्मदाता पुत्राला दान देतो, घेणारा त्याला मांडीवर घेतो आणि होम होतो; म्हणजे पुत्रत्व इथे रक्तातून प्रकट होत नाही, तर जाहीर देण्याघेण्यातून निर्माण होते. मनूच्या मते दत्तक गेलेला पुत्र जन्मदात्याचे गोत्र आणि धन दोन्ही सोडतो. पण धर्मशास्त्राने आणखी एक प्रकार ओळखला होता, तो द्व्यामुष्यायणाचा. हा पुत्र आम्हा दोघांचा राहील अशा करारावर दिलेला पुत्र द्व्यामुष्यायण म्हटला जाई. तो दोन्ही कुळांच्या पितरांना पिंड देई आणि दोन्ही घरांचा वारसा घेई. एक माणूस दोन कुळांचा पूर्ण पुत्र असू शकतो ही कल्पना, म्हणजे, आपल्या धर्मशास्त्राला परकी नव्हती. १९५६ च्या हिंदू दत्तक कायद्याने ही जुनी व्यवस्था मोडीत काढली आणि दत्तकाच्या दिवसापासून जन्मघराशी असलेले संबंध संपतात असे ठरविले. मात्र त्याच कायद्याने असेही सांगितले की, जन्मघरात राहिल्यास ज्या नातेवाइकांशी विवाह निषिद्ध ठरला असता, त्यांच्याशी तो दत्तकानंतरही निषिद्धच राहील. संबंध तोडणाऱ्या कलमालाही जन्माचा एक धागा मान्य करावा लागला.

दत्तकाच्या इतिहासात साताऱ्याचे प्रकरण आणखी एक भेद शिकवते. १८४८ मध्ये साताऱ्याचे छत्रपती शहाजी उर्फ अप्पासाहेब यांनी मृत्यूपूर्वी दत्तक घेतला, पण लॉर्ड डलहौसीने तो राज्यापुरता नामंजूर करून सातारा संस्थान खालसा केले. कंपनी सरकारचा युक्तिवाद असा होता की, असा दत्तक खाजगी मिळकतीचा वारस होऊ शकेल, पण सार्वभौम सत्तेच्या संमतीवाचून राज्याचा वारस होऊ शकणार नाही. तो युक्तिवाद लुबाडणुकीसाठी वापरला गेला यात शंका नाही, आणि त्याचा अन्याय १८५७ पर्यंत धुमसत राहिला. परंतु त्यातील भेद विचारात घेण्याजोगा आहे: पुत्र असणे ही एक गोष्ट आहे आणि त्या घराच्या नावाने सर्वांसमोर उभे राहण्याचा अधिकार ही दुसरी. पहिली गोष्ट दोन घरांत वाटली जाऊनही उणी होत नाही; दुसरीला इतरांची मान्यता लागते आणि ती एका वेळी एकाच नावाने बजावता येते. द्विराष्ट्रीय खेळाडूवरील बहुतेक रोष हा भेद न केल्यामुळे उद्भवतो. त्याने एका संघाचे प्रतिनिधित्व पत्करले की, त्याने दुसऱ्या देशाचे पुत्रत्वही टाकले असे मानले जाते. २०१६ च्या युरो स्पर्धेत स्वित्झर्लंडकडून ग्रानिट झाका आणि अल्बानियाकडून त्याचा भाऊ ताउलांत झाका समोरासमोर उभे राहिले, तेव्हा त्यांची आई अर्धा स्विस आणि अर्धा अल्बानियन असा टी-शर्ट घालून प्रेक्षकांत बसली होती. मैदानावर ज्याची वाटणी अटळ होती, त्याची वाटणी आईला करावी लागत नव्हती.

या विवेचनावर असा आक्षेप घेता येईल की, देश म्हणजे घर नव्हे, आणि दत्तकपुत्रावर घरात जी माया होते तिची अपेक्षा राष्ट्रसंघाकडून करणे भाबडेपणाचे आहे. आक्षेप खरा आहे, पण त्यातून निघणारा निष्कर्ष खेळाडूच्या विरुद्ध जात नाही. जर्मनीत जन्मलेला, तुर्की वंशाचा मेसुट ओझिल २०१४ मध्ये जर्मनीच्या विश्वविजयात सहभागी होता. २०१८ मध्ये तुर्कस्तानच्या अध्यक्षांसोबतचे छायाचित्र आणि विश्वचषकातील पराभव यांवरून वाद पेटला, तेव्हा जिंकल्यावर आपण जर्मन ठरतो आणि हरल्यावर परके, अशी तक्रार करीत त्याने राष्ट्रीय संघ सोडला. त्या छायाचित्राविषयी मतभेद असू शकतात, पण त्याच्या तक्रारीने प्रश्नाची दुर्लक्षित बाजू पुढे आणली. १९५६ च्या कायद्यानुसार कायदेशीर झालेला दत्तक घेणाऱ्यालाही रद्द करता येत नाही आणि दत्तकालाही तो टाकून जन्मघरी परतता येत नाही. निष्ठेची अट दोन्ही बाजूंना सारखी लागू असते. ज्या देशाने खेळाडूकडून दुसरा पासपोर्ट मागून घेतला, त्याने पहिल्या पराभवानंतर त्याचे मूळ गाव विचारणे हा करारभंग आहे, आणि भारताच्या बाबतीत हे अधिकच लागू पडते, कारण भारताने मागितलेली किंमत मोठी आहे.

म्हणून या प्रश्नाचा निवाडा तीन पक्षांना तीन वेगळी कर्तव्ये वाटून देतो. खेळाडूने निवड उघडपणे करावी आणि आरंभिल्यावर ती हितापायी सोडू नये. न निवडलेल्या देशाचे देणे मात्र त्याने फेडत राहावे, कारण निवडीने कर्तव्याची दिशा ठरते, ऋण फिटत नाही. स्वीकारणाऱ्या देशाने त्याला विजयापुरता नव्हे, कायमचा स्वीकारावा. आणि ज्याला सोडून तो गेला त्या देशाने त्याला फितूर म्हणण्याआधी हे पाहावे की त्याने घर सोडले आहे की केवळ एका सामन्यात दुसऱ्या बाजूने उभा आहे. वारणा नदीच्या दोन्ही तीरांवरील सरदारांनी १७०७ नंतरच्या दोन तपांत सातारा आणि कोल्हापूर या एकाच छत्रपती घराण्याच्या दोन गाद्यांपैकी एकीची निवड केली, काहींनी ती बदललीही, आणि १७३१ च्या वारणेच्या तहाने दोन्ही राज्यांची हद्द ठरली; पण त्यामुळे कोणत्याही तीरावरचा माणूस शिवछत्रपतींचा वारसा सांगण्यास अपात्र ठरला नाही. हद्दी आखल्याशिवाय राज्ये चालत नाहीत आणि संघ निवडल्याशिवाय सामना होत नाही, परंतु हद्दीचा नियम नात्याला लावणे हा विचारातला दोष आहे, आणि तो टाळण्याची साधने मराठी वाचकाच्या परंपरेत पूर्वीपासून उपलब्ध आहेत.